हाताला कळत होतं ते आता कानाला कळू दे

बॅटरीवरची ग्रीसगन घेतलीस हे फार बरं केलंस, भाच्या. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या, रोटाव्हेटर आणि वर तो जेसीबी. एवढ्या सगळ्यांच्या निप्पलांना दांड्याच्या गनने ग्रीस मारायचं म्हणजे खांदे भरून येतात. खांदे भरून आले की माणूस शेवटची चार निप्पलं उद्यावर टाकतो. ती चार नेहमी खालची, मागची, चिखलातली असतात आणि पिन-बुश सगळ्यात आधी तिथलेच खातात. म्हणून ही गन आळशी माणसाची वस्तू आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. पण तिचा घोडा दाबण्याआधी एक गोष्ट नीट समजून घे. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं तिच्यातूनच निघतं.

दांड्याची गन मारताना मनगटाला उत्तर मिळतं. दांडा हलका गेला तर समजायचं की आत हवा आहे, नाहीतर बुश इतका घासलाय की ग्रीस फटीतून वाट काढून पळतंय. जड पण सरकत गेला तर सांधा ठीक आहे. दगडासारखा थटला तर निप्पल नाहीतर आतली वाट बुजली आहे. आम्ही कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकलो ते असंच, मिस्त्री सांगायचे आणि मनगट पडताळून पाहायचं. बॅटरीच्या गनमध्ये हे उत्तर मोटर गिळून टाकते. तिला जड-हलकं सारखंच. बोटाला फक्त घोडा लागतो, सांधा लागत नाही. हाताची मेहनत वाचली, तसा हाताचा निरोपही गेला. तो निरोप आता कानाने आणि डोळ्याने मिळवायचा. हे ज्याला जमलं त्याला ही गन सोन्याची आहे. ज्याला जमलं नाही तो वर्षभर इमाने इतबारे ग्रीस मारतो आणि तरी त्याच्या पिना कोरड्या राहतात.

आधी ग्रीसचं बघू. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. समईतली वात जशी तेल धरून ठेवते आणि लागेल तसं सोडते, तसा ग्रीसमध्ये एक साबण असतो, बहुतेक वेळा लिथियमचा, आणि त्याने तेल धरून ठेवलेलं असतं. वंगणाचं काम ते तेल करतं, साबण फक्त त्याला जागेवर थांबवतो. म्हणून दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की कधी कधी दोघांचीही पकड सुटते आणि सगळं पातळ होऊन गळून जातं, नाहीतर घट्ट गोळा होऊन बसतं. लिथियम आणि पॉलियुरिया यांचं सहसा जमत नाही. बेंटोनाइट मातीच्या ग्रीसचं तर लिथियमशी मुळीच जमत नाही. रंगावर जाऊ नकोस. लाल, निळा, पिवळा हा कंपनीने घातलेला रंग असतो, त्यावरून आतला साबण कळत नाही. डब्यावरचं वाच, आणि एका मशीनला एक ग्रीस लावलंस की तेच चालू ठेव. बदलायचंच असेल तर जुनं बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत मारत राहा आणि पुढचे काही दिवस जरा लवकर लवकर मार.

आपल्याकडे दुकानात गेलं की काउंटरवर हमखास एपी-थ्री पुढे करतात. चाकाच्या हबला हाताने भरायला ते छान आहे. पण तीन नंबरचं ग्रीस घट्ट असतं. हा नंबर एनएलजीआय नावाच्या अमेरिकी संस्थेच्या मापाचा. ठरलेल्या वजनाचा शंकू २५ अंश सेल्सिअसच्या ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती खोल जातो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. दोन नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६५ ते २९५ जातो, तीन नंबरच्यात २२० ते २५०. पौषातल्या पहाटे तीन नंबरचं ग्रीस बॅटरीच्या गनमध्ये भरलंस तर पंपाच्या तोंडापर्यंत ते सरकत नाही, मध्ये पोकळी पडते आणि गन नुसती घुरघुरते. गनसाठी दोन नंबरचं, ईपी लिहिलेलं लिथियम ग्रीस घे. जेसीबीच्या बकेटच्या आणि बूमच्या पिनांना, जिथे वेग कमी पण दणका जबर, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं काळं ग्रीस उत्तम. तीन ते पाच टक्के असेल तर पुष्कळ झालं. तेच काळं ग्रीस जोरात फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला मात्र नको.

परदेशात ४०० ग्रॅमची तयार नळी मिळते, ती घातली की झालं. आपल्याकडे अजून बादलीच जास्त चालते, आणि खरी गडबड भरतानाच होते. बोटांनी ग्रीस थापून नळा भरलास तर थरांमध्ये हवा कोंडते. दांड्याच्या गनला ती हवा थोडीफार पचते, बॅटरीच्या गनला पचत नाही. म्हणून ओढून भर. डोक्यापासून नळा सोडव, उघडं तोंड बादलीतल्या ग्रीसमध्ये दोन-तीन बोटं खोल बुडव आणि मागचा दांडा सावकाश ओढ. घाई केलीस तर बाजूने हवा शिरते. बादलीतला ग्रीसचा पृष्ठभाग आधी फळीने सपाट करून घे, खड्डा पडलेला असेल तर हवाच ओढली जाईल. दांडा पूर्ण मागे आला की खाचेत अडकव, नळा डोक्याला लाव पण शेवटचा एक आटा ढिला ठेव, मग दांडा सोड. आतली दट्ट्याची स्प्रिंग ग्रीस पुढे ढकलेल आणि हवा त्या ढिल्या आट्यातून बाहेर पडेल. ग्रीसची बारीक कड दिसली की आवळ. डोक्यावर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तोही उघडून घोडा दोन-तीनदा दाब. फुसफुस थांबून सलग ग्रीस आलं की बंद कर. पाइपच्या तोंडातून सलग, न तुटता दोरी येईपर्यंत गन कुठल्याही निप्पलला लावायची नाही.

बादलीचं झाकण भरून होताच लावायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून उघडं टाकायचं नाही. आपल्या काळ्या मातीची धूळ डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असते. ती ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो. वर थोडं तेल सुटलेलं दिसलं तर घाबरू नकोस. उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याखाली बादली राहिली की तेल वर येतं, थोडं असेल तर लाकडी फळीने परत मिसळून घे. मोठं तळं साठलं असेल किंवा वास बदलला असेल तर ती बादली बिजागरांना आणि कुंपणाच्या फाटकाला वापर.

आता गन हातात घे आणि मशीनकडे न जाता आधी वजनकाट्याकडे जा. एक प्लास्टिकची पिशवी घे, तिच्यात दहा सेकंद घोडा दाबून ग्रीस काढ, काट्यावर ठेव. दांड्याच्या गनचा एक फटका साधारण एक ग्रॅम देतो. बॅटरीच्या गन मिनिटाला शंभरापासून अडीचशे ग्रॅमपेक्षाही जास्त देतात. प्रत्येक गनचं वेगळं, आणि वेगाच्या बटणावर वेगळं. समजा तुझ्या गनने दहा सेकंदांत २५ ग्रॅम दिलं, म्हणजे सेकंदाला अडीच ग्रॅम. हा आकडा गनच्या अंगावर पेंटने लिहून ठेव. तो का लागतो ते सांगतो. बेअरिंगला किती ग्रीस द्यायचं याचा बेअरिंगवाल्यांचा एक सोपा हिशेब आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, की ग्रॅम निघतात. ६२०५ नंबरचं बेअरिंग घे. बाहेरून ५२, रुंदी १५. उत्तर ३.९ ग्रॅम. तुझ्या गनने ते दीड सेकंदात होतं! ६३१० घेतलंस, ११० आणि २७, तर १५ ग्रॅमला जरा कमी, म्हणजे सहा सेकंद. ज्याला हे माहीत नाही तो ६२०५ वर पंधरा सेकंद घोडा धरून बसतो, सील बाहेर फेकलं जातं, आत ग्रीस घुसळून बेअरिंग तापतं, आणि मग तोच सांगत फिरतो की ग्रीस मारून मारून बेअरिंग गेलं.

म्हणून दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेव. पिन आणि बुश असेल तर नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारायचं. ते बाहेर आलेलं ग्रीस वाया गेलं असं नाही, कडेला त्याची कॉलर बसते आणि धूळ-चिखलाला आत येऊ देत नाही. म्हणून कडेवरचं सगळं ग्रीस चकाचक पुसूही नकोस. फिरणारं बेअरिंग असेल तर मोजूनच द्यायचं. आणि ज्या बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड किंवा टू-आर-एस असेल, ती जन्मभराचं ग्रीस घेऊन आलेली बंद बेअरिंगं. त्यांना निप्पल नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. विहिरीवरच्या किंवा गिरणीच्या मोटरला निप्पल असेल तर समोरच्या बाजूला जुनं ग्रीस निघायचा प्लग असतो. तो आधी काढायचा, मग मोजून द्यायचं, मोटर थोडा वेळ चालवून जादाचं बाहेर येऊ द्यायचं आणि मग प्लग लावायचा. खरं सांगायचं तर मोटरला दांड्याचीच गन वापर. एवढ्या नाजूक जागी बॅटरीचा जोर कशाला?

निप्पलाकडे वळू. आज आपण वापरतो ते गोळीचं निप्पल व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याचं अमेरिकी पेटंट १९२९ सालचं. तोंडाशी एक बारीक गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. ग्रीसच्या दाबाने गोळी आत जाते, दाब गेला की परत तोंड बंद करते. इतकी साधी वस्तू, पण तिच्या तोंडावरचा चिखल न पुसता गन लावलीस तर पहिला जोर त्या चिखलालाच बसतो आणि तो थेट पिनेत जातो. ग्रीस न मारण्यापेक्षा हे वाईट. डाव्या हातात फडकं, उजव्या हातात गन, अशीच सवय लाव. आधी निप्पल पुसायचं, मग कपलरचं तोंड पुसायचं, मग लावायचं. काम झालं की निप्पलाच्या तोंडावर ग्रीसचा एक ठिपका राहू दे, पुढच्या वेळी चिखल त्याच्यासकट पुसून निघेल. सगळ्या निप्पलांभोवती पिवळ्या पेंटची कडी ओढून घे आणि प्रत्येक मशीनवर किती आहेत तो आकडा केबिनमध्ये लिहून ठेव. गणती जुळली नाही तर परत फेरी मारायची. नवीन ऑपरेटर आला की त्याला हीच कडी दाखवायची, मग बूमखालचं लपलेलं निप्पलही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कपलर सरळ बसला पाहिजे. तिरका लावलास तर बाजूने ग्रीस सुटतं आणि तुला वाटतं आत गेलं. पकड-दांडीचा लॉकवाला कपलर मिळतो, तो घे, दोन्ही हात मोकळे राहतात. काढताना मात्र ओढू नकोस. घोडा सोडल्यावरही पाइपात दाब राहतो, म्हणून क्षणभर थांब, कपलर एका बाजूला कलता कर, चटकन सुटतो. पुन्हा पुन्हा निसटत असेल तर कपलरच्या पुढची कडी जराशी आवळ. तरी निसटला तर निप्पलाचं तोंड घासलंय, ते बदल.

आता ऐकायचं काय ते. घोडा दाबलास की पहिला सेकंद-दीड सेकंद मोटर मोकळी फिरते, पाइप भरत असतो. मग आवाज जरा खाली बसतो आणि एकसारखा घुमत राहतो. हा चांगला आवाज, ग्रीस जातंय. घुमताना कडेकडे बघ, नवं ग्रीस डोकावलं की सोड. आवाज खाली बसलाच नाही, मोकळाच राहिला, तर बहुतेक वेळा दोनच कारणं. नळ्यात हवा आहे किंवा नळा संपलाय. मोटर काही तुला सांगणार नाही, ती रिकामीच फिरत राहील आणि तू पुढच्या निप्पलावर जाशील. बॅटरीच्या गनने पिना कोरड्या राहतात त्या बहुतेक अशाच. म्हणून आवाज मोकळा वाटला की कपलर काढून हवेत एकदा दोरी काढून बघ. दोरी नीट येत असेल आणि तरी लावल्यावर आवाज बसत नसेल तर बुश पार घासलाय. बकेटचा दात धरून वरखाली हलवून बघ, प्ले हाताला लागेल. तिथे कितीही ग्रीस मारलंस तरी तो सांधा नवा होणार नाही.

आणि घोडा दाबल्या दाबल्या आवाज एकदम जड झाला, मोटर कण्हायला लागली, टकटक करत सेफ्टी व्हॉल्व्हने ग्रीस बाहेर टाकलं, तर सोड. ताबडतोब सोड. पोरं इथेच चुकतात. त्यांना वाटतं अजून जोर दिला की वाट मोकळी होईल. या गनचा जोर १०,००० पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे सुमारे ६९० बार. ट्रकच्या टायरात आपण शंभर-सव्वाशे पाउंड हवा भरतो, त्याच्या ऐंशी-शंभर पट. एवढा दाब थटला की तो सगळ्यात कच्ची जागा शोधतो. ती जागा सील असेल, पाइप असेल, किंवा तुझा हात असेल.

थटलेल्या सांध्याला क्रमाने घ्यायचं. बहुतेक वेळा वाट बुजलेली नसतेच, सांध्यावर भार असतो. पिनेवर वजन बसलं की भाराच्या बाजूची फट मिटते, आणि नेमकं तिथेच ग्रीस हवं असतं. जेसीबी असेल तर दोन्ही बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर, किल्ली काढून खिशात टाक, लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब सोड आणि मग मार. पुढचे हात वर ठेवून काम करायची वेळ आलीच तर त्यांचा सेफ्टी स्ट्रट लावल्याशिवाय डोकं खाली घालायचं नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलच्या पिनेला तर जॅक लावून ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलल्याशिवाय ग्रीस मारण्यात अर्थ नाही. वजनाखाली ते एका बाजूने निघून जातं आणि घासणारी बाजू कोरडीच राहते. उचललेल्या भागाखाली लाकडी ठोकळा घाल, नुसत्या जॅकवर भरवसा नको. अर्धं ग्रीस मारून सांधा थोडा हलवायचा, परत भार काढायचा, उरलेलं मारायचं, म्हणजे ते चहूकडे पोचतं.

भार काढूनही थटलं तर निप्पल खोलून हातात घे आणि उघड्यावर गन लावून बघ, तोंड स्वतःकडे न करता. त्यातून ग्रीस आलं नाही तर निप्पल गेलं, नवं लाव. खिशात परवडेल अशी वस्तू आहे, डबीत सरळ, ४५ अंशाची आणि ९० अंशाची अशी ठेव, आटे सहा, आठ, दहा मिलिमीटरचे आणि एक सुताच्या पाइपचे. जुनं निप्पल ठोकून-ठाकून चालवण्यात सकाळ घालवायची नाही. निप्पलातून आलं पण सांध्यात जात नाही, म्हणजे आतल्या वाटेत जुनं ग्रीस वाळून बसलंय. भोकात डिझेल किंवा गंजाचं तेल सोड, रात्रभर राहू दे, सकाळी भार काढून सांधा हलव आणि दांड्याच्या गनने थोडं थोडं ढकल. इथे परत मनगटच कामाला येतं, म्हणून जुनी गन भंगारात घालू नकोस. एवढ्यानेही हललं नाही तर पिन काढायची. गॅसची ज्योत लावून वाट मोकळी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकायचा नाही.

पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला नेहमी विसरतात, कारण तो कव्हरखाली असतो. रोटाव्हेटरचा शाफ्ट दिवसभर ५४० आरपीएमवर फिरतो तो त्या दोन क्रॉसच्या जिवावर. ट्रॅक्टर बंद, पीटीओ सोडलेला, मगच कव्हरात हात. क्रॉसला ग्रीस हळू मारायचं, दोन वेग असतील तर कमी वेगावर, आणि चारही वाट्यांच्या कडेला दिसलं की थांबायचं. तीनच वाट्या ओल्या झाल्या आणि चौथी कोरडी राहिली तर शाफ्ट वरखाली, डावा-उजवा हलवत परत मार. तरी कोरडी राहिली, किंवा तिच्याभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या फिरतायत. क्रॉस बदल, शाफ्ट भर वावरात तुटायची वाट बघू नकोस. आत-बाहेर सरकणाऱ्या दोन नळ्यांनाही ग्रीस लागतं. ट्रॉलीच्या हबला मात्र गनचं काम नाही, ते खोलून, धुऊन, रोलरच्या मधे हाताने भरायचं.

उद्या पोकलेनवर काम मिळालं तर एक जागा आत्ताच लक्षात ठेव. त्याची चेन ताणायला आत ग्रीसचा सिलिंडर असतो आणि बाहेर झाकणाखाली निप्पल. बॅटरीच्या गनने चेन झटपट ताणली जाते, म्हणून जास्तही ताणली जाते. चेन खाली किती लोंबायला हवी ते मशीनच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, पट्टी लावून मोज. चेन ढिली करताना तो व्हॉल्व्ह सावकाश, एखाद्याच फेऱ्याने ढिला करायचा, तोंड आणि अंग त्याच्या समोर अजिबात ठेवायचं नाही. आतला दाब प्रचंड असतो आणि जादा खोललेला व्हॉल्व्ह गोळीसारखा बाहेर येतो. तिथलं निप्पल थटलं म्हणून खोलायला जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

आता दाबाचंच बोलतोय तर हे कान देऊन ऐक. पाइप कधी रबरावर धरू नकोस, वर स्प्रिंगचं किंवा जाड कव्हर असतं तिथे धर. रबराला चीर, फुगवटा, आतली जाळी दिसत असेल तर पाइप त्याच दिवशी बदल, टेप गुंडाळू नकोस, आणि बाजारातला कुठलाही हायड्रॉलिकचा तुकडा कापून लावू नकोस. त्याच्यावर गनच्या दाबाचा आकडा छापलेला हवा. गळती कुठे आहे हे बोट फिरवून शोधायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. बारीक चिरेतून सुटलेली ग्रीसची धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, पहिल्यांदा फारसं दुखतही नाही, आणि तिथेच माणूस फसतो. आत ग्रीस बोटाच्या नसांच्या वाटेने तळहातापर्यंत पसरलेलं असतं, काही तासांत हात सुजतो, मांस मरायला लागतं. उशीर झाला की बोट कापावं लागतं. हातमोज्याने हे थांबत नाही. असं झालं तर दाबून पिळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही, शेक द्यायचा नाही, पट्टी बांधून उद्या बघू म्हणायचं नाही. घड्याळ बघून निघायचं आणि जिथे हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत अशा मोठ्या रुग्णालयात जायचं. गावातल्या दवाखान्यात थांबावं लागलंच तर स्पष्ट सांगायचं, 'जास्त दाबाच्या गनने ग्रीस कातडीच्या आत गेलंय.' ठिपका बघून डॉक्टरांना ते आपोआप कळेलच असं नाही. ग्रीसच्या डब्याचं लेबल सोबत न्यायचं. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी सांग, पगाराचं बोलण्याच्याही आधी.

ग्रीस कधी मारायचं, यावर लोक वाद घालतात. माझं मत संध्याकाळचं. काम संपल्यावर सांधे गरम असतात, ग्रीस सहज शिरतं, दिवसभराची धूळ-पाणी तेव्हाच बाहेर ढकललं जातं आणि रात्री ओल आत बसत नाही. जेसीबीच्या पिनांना रोज, म्हणजे दहाएक तासांच्या कामाला एकदा, बाकीच्या जागांना पुस्तकात दिलेल्या तासांप्रमाणे. चिखलात किंवा नदीपात्रात काम झालं तर तासांची वाट बघायची नाही. प्रेशरच्या पाण्याने मशीन धुतलं तर धुतल्यानंतर मारायचं, आधी नाही. पाणी सीलच्या आत घुसतं, ते बाहेर काढायला ग्रीसच लागतं. धुताना पाण्याची धार सीलवर रोखून धरू नये हे वेगळं सांगायला नको.

बॅटरीचं थोडक्यात. दोन ठेव, एक गनवर, एक चार्जवर. उन्हात उभ्या केबिनच्या काचेमागे तिला ठेवू नकोस, लिथियम-आयनला उष्णता मारते. कामावरून गरम आलेली लगेच चार्जला लावू नकोस, निवू दे. ग्रीसाळलेल्या हाताने तिच्या पट्ट्यांना हात लावू नकोस, कोरड्या फडक्याने पुसून बसव.

पडलेलं ग्रीस पत्र्याच्या तुकड्याने खरवडून डब्यात भर, जळक्या ऑइलबरोबर ते घेऊन जाणारे असतात. ओढ्यात किंवा कॅनॉलच्या कडेला टाकायचं नाही, तेच पाणी पुढे कुणाच्या तरी उसाला जातं.

गन ठेवताना एक जुनं, चांगलं निप्पल शेडमधल्या फळीत बसवून घे आणि कपलर त्याच्यावर लावून ठेव, तोंडात धूळ जात नाही. आठवडाभर वापर नसेल तर मागचा दांडा ओढून खाचेत अडकव, नाहीतर स्प्रिंग ग्रीसवर सतत दाब देत राहते आणि त्यातलं तेल गळून बाहेर येतं. पावसाळ्यात मशीन उभं राहणार असेल तर जून लागायच्या आधी सगळी निप्पलं भरून घे, सिलिंडरांचे उघडे राहिलेले चकचकीत रॉड ग्रीसने माखून ठेव, बॅटरी निम्मी चार्ज करून गनपासून वेगळी काढ आणि घरातल्या कोरड्या कपाटात ठेव, आणि पंधरा-वीस दिवसांनी उघडीप मिळाली की मशीन सुरू करून सगळे सांधे एकदा हलवून परत थोडं थोडं मार.